दमा आणि मणक्याचं मॅनिप्युलेशन
तुमच्या भाच्याचा दमा कायरोप्रॅक्टरने (हाताने मणके-सांधे हलवून उपचार करणाऱ्याने) मणके दाबल्यावर, म्हणजेच मॅनिप्युलेशन केल्यावर, कमी झाला असं लिहिलंत, त्याला बरं वाटलं हे मला अगदी मान्य आहे, पण कॅनडात नेमकं हेच तपासून बघितलंय, १९९८ ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं होतं. दम्याची ९१ मुलं, औषधं चालूच, काहींना खरं मॅनिप्युलेशन आणि बाकीच्यांना नुसती हलकी मालिश करून केल्यासारखं दाखवायचं, असं चार महिने. दोन्हीकडच्या मुलांचा त्रास कमी झाला, इनहेलरही कमी लागला, पण फुंकून मोजायच्या मीटरवर दोन्ही गट सारखेच! म्हणजे फरक मणक्यामुळे पडला नव्हता. कंबरदुखीचं वेगळं, तिथे थोडा उपयोग होतो. पण भाच्याचा इनहेलर प्लीज बंद करू नका.