सेवा केंद्रातील विंडोज १० चा लॅपटॉप विंडोज ११ वर न्यावा, की आहे तसाच चालवावा?

प्रश्न: सेवाकेंद्र_घाटंजी

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात, एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. केंद्रात एकच लॅपटॉप आहे. उत्पन्नाचे व जातीचे दाखले, सातबारा, पीक विम्याचे अर्ज आणि थंब लावून बँकेतून पैसे काढून देणे, ही सगळी कामे त्याच्यावरच होतात. लॅपटॉप २०१८ सालचा असून त्यात इंटेलचा आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १ टीबीची जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क आहे. घेतेवेळी त्यात विंडोज नव्हते. विंडोज १० प्रो वेगळे विकत घेऊन दुकानातूनच टाकून घेतले होते. त्याचे बिल माझ्याजवळ आहे आणि ॲक्टिव्हेशनच्या पानावरही ते डिजिटल लायसन्सने सक्रिय असल्याचे दिसते.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून मला काळजी लागली आहे. पीसी हेल्थ चेक हे मायक्रोसॉफ्टचे तपासणीचे साधन चालवून पाहिले, तर टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) ही दोन कारणे देऊन लॅपटॉप विंडोज ११ साठी पात्र नसल्याचे उत्तर आले. तालुक्याला लॅपटॉप दुरुस्त करणारे म्हणतात, की ही तपासणी वगळून विंडोज ११ टाकता येते आणि अर्ध्या दिवसात काम होते. शेजारच्या गावातील केंद्रचालकांचे म्हणणे आहे, की यंत्र चालते आहे तोवर त्याला हात लावू नये.

माझ्याकडे लोकांच्या आधार कार्डांच्या, पासबुकांच्या आणि शिधापत्रिकांच्या स्कॅन केलेल्या प्रती असतात, म्हणून मला हा प्रश्न केवळ लॅपटॉपचा वाटत नाही. दुसरीकडे, नव्या विंडोजवर थंब मशीन किंवा प्रिंटर चालला नाही तर केंद्रच बंद पडेल. जूनमध्ये दहावी-बारावीच्या मुलांची दाखल्यांसाठी रांग लागते, त्याच्या आत निर्णय घ्यायचा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: हार्डवेअर_पांढरकवडा

ताई, सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. तुमचा लॅपटॉप अपात्र नाही. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी ही किमान मर्यादा आहे आणि तुमचा प्रोसेसर तिच्यात बसतो. या पिढीच्या प्रोसेसरांत टीपीएमचे काम करणारी सोय आतच असते. इंटेलच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, ती पीटीटी या नावाने सापडते, मात्र अनेक लॅपटॉपांत ती बंद ठेवलेली असते. सिक्युअर बूटचे कारण वेगळे आहे. विंडोजशिवाय विकलेल्या लॅपटॉपवर नंतर विंडोज टाकताना पुष्कळ ठिकाणी ते लेगसी या सुरू होण्याच्या जुन्या मोडमध्ये टाकले जात असे, आणि सिक्युअर बूट फक्त यूईएफआय या नव्या मोडमध्येच चालते. आपण सिस्टीम इन्फर्मेशन उघडून बायोस मोड या ओळीसमोर काय लिहिले आहे ते पाहावे. तेथे लेगसी असेल, तर तुमच्या दोन अडचणींपैकी एकीचे मूळ सापडले असे समजा.

मात्र हे वाचून लगेच बायोसमध्ये जाऊन मोड बदलू नका. सध्याची डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेली असणार, आणि ती जीपीटी या नव्या पद्धतीत न बदलता मोड बदलला तर विंडोज सुरूच होणार नाही. विंडोजमध्ये त्यासाठी एमबीआर-टू-जीपीटी नावाचे साधन आहे आणि ते डेटा न पुसता डिस्कची पद्धत बदलते. परंतु आठ वर्षे रोज फिरलेल्या हार्ड डिस्कवर असले काम बॅकअप घेतल्याशिवाय करणे मला योग्य वाटत नाही.

तपासणी वगळून विंडोज टाकण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. अपात्र यंत्रांना अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. अपडेट मिळावेत म्हणूनच हा सगळा खटाटोप करायचा आणि त्याच अपडेटवर पाणी सोडायचे, यात अर्थ नाही. शिवाय तुमच्या यंत्राला त्याची गरजही नाही.

उत्तर: ग्रामपंचायत_संगणक

मी वणी भागात ग्रामपंचायतीचे संगणकाचे काम पाहतो. वरील माहिती बरोबर आहे, परंतु निर्णयाचा क्रम बदलावा असे मला वाटते. आधी विंडोजचा विचार करू नये, जोडलेल्या यंत्रांचा करावा.

आपल्या थंब मशीनवर मागे लिहिलेले मॉडेल पाहून, त्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची आरडी सर्व्हिस (अंगठ्याचा ठसा आधारच्या पडताळणीसाठी सुरक्षितपणे पाठवणारे सॉफ्टवेअर) विंडोज ११ साठी दिली आहे का, हे तपासावे. प्रिंटर आणि स्कॅनरचेही तसेच करावे. ही माहिती अपडेटनंतर शोधत बसण्यापेक्षा आधीच कागदावर लिहून ठेवावी आणि ड्रायव्हरच्या, म्हणजे ती यंत्रे विंडोजवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, फायली पेनड्राइव्हमध्ये घेऊन ठेवाव्यात. काही जुन्या संकेतस्थळांना इंटरनेट एक्सप्लोरर लागत असे. तो विंडोज ११ मध्ये नाही, परंतु एज ब्राउझरमधील आयई मोडने अशी पाने उघडता येतात. अर्जांचे जुने नमुने कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर त्याची चिंता नसावी, कारण फॉन्टची फाइल पुन्हा टाकली की ते पूर्वीसारखे दिसतात. नवीन मजकूर मात्र युनिकोडमध्येच लिहावा, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवणारा मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्ये २०१९ पासून आहे आणि तो विंडोज ११ मध्येही मिळतो.

दुसरे असे, की घाई करण्याचे कारण नाही. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची योजना ठेवली आहे, तिला ईएसयू म्हणतात. तिच्यातून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. विंडोजची आवृत्ती २२एच२ असावी लागते आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करावे लागते. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवण्यास संमती दिली, तर वेगळे पैसे लागत नाहीत. तसे नको असल्यास ३० डॉलरच्या बरोबरीची रक्कम एकदा भरावी लागते. सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. नोंदणी आजच करून घ्यावी आणि जूनची गर्दी त्यावर पार पाडावी.

चालते आहे तोवर हात लावू नये, या मताबद्दलही लिहितो, कारण आपल्या भागात ते फार ऐकू येते. सपोर्ट संपला म्हणून लॅपटॉप बंद पडत नाही, हे खरे आहे. पण नव्याने सापडणारी भगदाडे त्यात कायमची उघडी राहतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरातील संगणक कुलूपबंद केले. ज्या त्रुटीतून तो शिरला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्येच दिले होते, आणि ज्यांनी ते लावले नव्हते त्यांचे संगणक सापडले. मोबाइलचा डेटा वाचवण्यासाठी अपडेट बंद ठेवण्याची सवय अनेक केंद्रांत आहे. गावातील माणसे विश्वासाने आधार कार्ड आणि पासबुक आपल्या हाती देतात, तेथे ही काटकसर परवडणारी नाही.

उत्तर: गुरुजी_अचलपूर

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आमच्या शाळेतील चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचा लॅपटॉप खरोखरच विंडोज ११ साठी अपात्र होता, म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ टाकले. त्याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, ४ जीबी रॅमवर ते व्यवस्थित चालते आणि मुलांना मराठी टंकलेखन, चित्रे व इंटरनेट यांसाठी ते पुरेसे आहे. ताईंच्या केंद्रासाठी मात्र मी ते सुचवणार नाही, कारण थंब मशीन आणि त्याची आरडी सर्व्हिस यांचे घोडे तेथेच अडेल.

माझी सूचना रॅम आणि डिस्कविषयी आहे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम पुरते असे कागदावर लिहिलेले असले, तरी ब्राउझरचे चार-पाच टॅब आणि पीडीएफ उघडल्यावर तेवढ्यात दम लागतो. रॅम ८ जीबी करावी आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवावी. मागचे झाकण उघडले की रॅमचा दुसरा खाचा रिकामा आहे का, हे दिसते. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील, तर आधी एसएसडी घ्यावी.

सेवाकेंद्र_घाटंजी

सर्वांचे मनापासून आभार. पाहिले, तर बायोस मोडसमोर लेगसी असेच लिहिलेले आहे. थंब मशीनच्या कंपनीने विंडोज ११ साठी आरडी सर्व्हिस दिलेली आहे. प्रिंटरचा ड्रायव्हरही मिळाला. ईएसयूची नोंदणी झाली. आता एसएसडी घ्यायचे ठरवले आहे. मग जुन्या डिस्कवरचे सगळे जसेच्या तसे नव्या डिस्कवर उतरवून घ्यावे, की विंडोज ११ कोरे टाकावे? आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि इंटरनेट मोबाइलचेच आहे, हेही लक्षात घ्यावे.

उत्तर: हार्डवेअर_पांढरकवडा

कोरे टाकावे, आणि त्याचे कारण केवळ स्वच्छता नाही. एसएसडी कोरी असल्यामुळे बायोसमध्ये आधी पीटीटी आणि यूईएफआय सुरू करून विंडोज ११ थेट जीपीटी पद्धतीने टाकता येते, त्यामुळे जुनी डिस्क बदलण्याचा धोका पत्करावाच लागत नाही. ती डिस्क विंडोज १० सह जशीच्या तशी बाजूला राहते. आहे त्याच विंडोजवर अपग्रेड केले, तर मागे फिरण्यासाठी १० दिवस मिळतात. येथे मात्र ऐन गर्दीत काही अडले, तर जुनी डिस्क बसवायची, बायोसमध्ये पुन्हा लेगसी करायचे आणि काम सुरू ठेवायचे. लायसन्स मदरबोर्डशी जोडलेले असल्यामुळे डिस्क बदलल्याने जात नाही. फक्त विंडोज ११ चीही प्रो आवृत्तीच निवडावी.

डाउनलोड ५ जीबीहून अधिक आहे, तेव्हा ते गावात मोबाइलवर न करता यवतमाळला किंवा पांढरकवड्याला करून किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर आणावे. लॅपटॉपची बॅटरी धरत नसेल, तर हे काम इन्व्हर्टर असलेल्या ठिकाणीच करावे. पहिल्यांदा सुरू होताना विंडोज ११ इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खाते मागते, आणि त्या वेळी कधीकधी वायफायचा ड्रायव्हर नसतो. तेव्हा मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केले, की बहुतेक वेळा काम भागते.

एक गोष्ट मात्र त्याच दिवशी करावी. विंडोज ११ कोरे टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले, की डिस्कचे एन्क्रिप्शन, म्हणजे सगळा डेटा कुलूपबंद करणे, आपोआप सुरू होऊ शकते. लोकांची कागदपत्रे असलेल्या लॅपटॉपसाठी ते चांगलेच आहे, परंतु पुढे बायोसमध्ये बदल केला तर यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की मागेल आणि ती नसेल तर डेटा परत मिळणार नाही. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती उघडून वहीत उतरवून घ्यावी, ती वही केंद्रात न ठेवता घरी ठेवावी आणि खात्याचा पासवर्ड विसरल्यास तो परत मिळवण्यासाठी तुमचा स्वतःचा, चालू असलेला मोबाइल क्रमांक खात्याला जोडलेला आहे याची खात्री करावी.