चिऱ्याच्या जुन्या घरात स्मृतिभ्रंश असलेल्या आईसाठी कोणते बदल करावेत?

प्रश्न : गुहागरकर

नमस्कार. माझी आई ७६ वर्षांची असून गुहागर तालुक्यातील आमच्या चिऱ्याच्या जुन्या घरात राहते. तिला अल्झायमरमुळे स्मृतिभ्रंश झाल्याचे निदान गेल्या वर्षी झाले. दिवसा वाडीतील एक बाई सोबतीला असतात, रात्री चुलतभाऊ झोपायला येतो आणि मी चिपळूणहून शनिवार-रविवार जातो. तिला चिपळूणला आणूनही पाहिले. परंतु तेथे ती दिवसभर पिशवी हातात घेऊन दाराशी उभी राहायची आणि "चल, घरी जाऊ या, दिवेलागण झाली" म्हणायची, त्यामुळे पंधरा दिवसांत तिला परत न्यावे लागले.

घर जुन्या धाटणीचे आहे : पुढे खळे व ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर, मागे पडवी, आणि परसात न्हाणीघर, शौचालय व रहाटाची विहीर. मागील मे महिन्यात गवंड्याच्या सल्ल्याने मी माजघरातील जुन्या कोब्यावर पांढऱ्या चकचकीत फरश्या बसवून घेतल्या आणि पडवीच्या दाराशी शोभेसाठी काळा पट्टा दिला. तेव्हापासून आई त्या पट्ट्यापाशी थबकते, चौकट घट्ट धरते आणि पायरी चढावी तसा पाय उंच उचलून पलीकडे टाकते. दोनदा तिचा तोल गेला. पहाटे ती पाणी ओढायला विहिरीवर जाते, ही दुसरी काळजी. तिला बांधून न घालता घर सुरक्षित कसे करावे, याबाबत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : चिरेबंदी (रत्नागिरी)

मी घरबांधणीच्या व्यवसायात आहे. आपल्या आई त्या पट्ट्यापाशी थबकतात, कारण त्यांना तो पट्टा दिसतच नाही, त्यांना तेथे खड्डा किंवा पायरी दिसते. या आजारात खोली आणि अंतर यांचा अंदाज बिघडतो. गडद पायपुसणे त्यांना भोकासारखे, तर चकाकणारी फरशी ओली भासते. म्हणून सलग चालण्याच्या जागी जमीन शक्यतो एकाच रंगछटेची, न चकाकणारी असावी. पट्टा काढून तेथे शेजारच्या जमिनीशी मिळतीजुळती खडबडीत फरशी बसवावी. फरश्या सगळ्या उखडण्याची आवश्यकता नाही. चकाकी कमी करणारा थर मिळतो.

याउलट, जे दिसायलाच हवे तेथे रंगभेद ठळक हवा. दोन पृष्ठभाग प्रकाश किती परतवतात याचे ० ते १०० असे मोजमाप असते आणि त्यांत किमान ३० अंकांचा फरक राखावा, असा संकेत आहे. पांढऱ्या भिंतीवरचा पांढरा आधारदांडा किंवा पांढऱ्या फरशीवरचे पांढरे शौचपात्र त्यांच्या दृष्टीने नाहीसेच होते. खऱ्या पायरीच्या कडेला मात्र ठळक पट्टा अवश्य द्यावा. उंबरठा हा तर आपल्याकडील घराचा मानबिंदू, तो काढायला कोणाचेच मन होत नाही. किमान त्याच्या दोन्ही बाजूंना धरण्यासाठी लाकडी दांडे लावावेत.

विहिरीवर लोखंडी जाळी बसवून कुलूप लावावे आणि शौचालय माजघरालगत आत आणावे. पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ धरते. रात्री परसात जाणे धडधाकट माणसालाही धोक्याचे असते.

उत्तर २ : मालवणची सून

वरील सल्ला मोलाचा आहे. तरीही दोन गोष्टींबाबत माझा अनुभव निराळा आहे. माझ्या सासूबाईंना मी नऊ वर्षे सांभाळले. आम्हीही न्हाणीघर आत आणले आणि कमोड बसवला. परंतु आयुष्यभर बसके शौचालय वापरलेल्या त्यांना ती वस्तू कशासाठी आहे हेच उमगेना. एकदा त्यांनी त्याच्या झाकणावर धुतलेली पातेली पालथी घालून ठेवली होती. पुढे कमोडला गडद निळी बैठक लावली, दार उघडे ठेवून त्यांच्या खाटेवरून ते दिसेल अशी खाट फिरवली आणि रोज ठरलेल्या वेळी हात धरून नेले, तेव्हा महिन्याभराने जमले. नवे काही करायचे असेल तर आताच करावे, आजार वाढल्यावर नवी सवय लागत नाही.

इंडक्शनच्या शेगडीचेही तसेच झाले. जाळ दिसत नसल्याने त्यांना तो काळा पाटच वाटे. शेवटी ज्योत विझताच गॅस आपोआप बंद होणारी शेगडी घेतली आणि सिलिंडरचा रेग्युलेटर दुपारनंतर बंद ठेवू लागलो.

विहिरीला केवळ कुलूप लावू नका. कुलूप लावल्यावर सासूबाई तासन् तास ते खडखडवत बसत आणि रडत. मग आम्ही जाळी कायम ठेवून तुळशीजवळ कमरेइतक्या उंचीचा लहान हौद बांधला. पहाटे तांब्या भरून त्या तुळशीला, जास्वंदीला, अबोलीला पाणी घालत आणि समाधानाने ओटीवर येऊन बसत. त्यांना पाणी ओढायचे नसे, सकाळचे काम हवे असे.

उत्तर ३ : परिचारिका, कुडाळ

मी वृद्धांच्या घरी जाऊन शुश्रूषा करते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार साठीपुढील भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. आपल्या वाडीतही आणखी एखादे घर असेल. शेजाऱ्यांना मोकळेपणाने सांगून ठेवा, कारण बाहेर वाट चुकली तर त्यांना परत आणणारे तेच आहेत.

प्रकाशाकडे विशेष लक्ष द्यावे. चिऱ्याच्या घरातील माजघर मुळातच अंधारे, त्यात आषाढात दुपारीच सांज होते आणि सावल्या लांबल्या की या रुग्णांची घालमेल वाढते. आपल्या आईंचे "दिवेलागण झाली" हे त्याच वेळचे असावे. ऊन उतरण्याआधीच सर्व दिवे लावावेत. खाटेपासून शौचालयापर्यंत हालचालीने पेटणारे मंद दिवे बसवावेत आणि वादळात वीज जाते म्हणून ते बॅटरीचे असावेत. कपाटाचा आरसा रात्री पडद्याने झाकावा; त्यातील म्हातारी कोण, या भीतीने पुष्कळजण रात्रभर जागतात.

दाराला बाहेरून कडी कधीही लावू नये, आग लागल्यास अनर्थ होईल. दाराला घुंगरू बांधा, म्हणजे झोपलेल्याला कळेल. खळ्यातून निघून घराला वळसा घालत पुन्हा ओटीशी येणारी सपाट वाट करावी, पाण्याचा पाट असल्यास त्यावर फरशी टाकावी आणि गडगा (दगडी कुंपण) सलग करून बेडे (फाटक) त्याच रंगाचे ठेवावे. अशा वाटेवर चालणारे माणूस कुठेही गेले तरी घरीच पोहोचते. आणि वागणे एक-दोन दिवसांत एकाएकी बिघडले, तर घराला दोष न देता लघवीच्या संसर्गासाठी तपासणी करून घ्यावी.

गुहागरकर

आपण सर्वांचे मनापासून आभार. काळा पट्टा रविवारी काढला. सोमवारी सकाळी सोबतीच्या बाईंनी कळवले की आई चौकट न धरता पडवीत गेली. विहिरीच्या जाळीचे माप दिले आहे, हौद तुळशीच्या उजव्या अंगाला घेत आहोत. शौचालयाबाबत एक शंका उरते : बसकेच ठेवून दोन्ही बाजूंना आधारदांडे लावले तर गुडघ्यांना कितपत झेपेल? तिचे गुडघे अजून बरे आहेत, उकिडवे बसून ती विळीवर नारळ खवते.

मालवणची सून

तसे असेल तर बसकेच राहू द्या, दांडे मात्र आताच लावा. आणि खवताना कोणीतरी समोर बसावे. सासूबाईंचे हात शेवटपर्यंत विळी विसरले नाहीत, पण नारळ संपला की त्या रिकामी करवंटीच खवत राहत.