मदत हवी आहे: हर्मिट क्रॅब पाच आठवडे वाळूखाली, आणि टाकीतली हवा कोरडी पडतेय

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत राहतो. उन्हाळ्यात समुद्रकिनाऱ्यावरच्या दुकानातून लेकीने दोन हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारे खेकडे, आणले, रंगवलेल्या शंखांतले, तारेच्या पिंजऱ्यात. नंतर वाचल्यावर जीव हळहळला. यांचे कल्ले ओलसर हवेतच चालतात, कोरड्या हवेत ते हळूहळू गुदमरतात.

मग काचेची टाकी घेतली. पाच भाग वाळू आणि एक भाग नारळाचा भुसा, खाऱ्या पाण्याने भिजवून, १५ सेंटीमीटर खोल. पाण्याच्या दोन वाट्या, एक गोडी, एक खारी, दोन्हींतलं क्लोरीन काढलेलं. खाऱ्या वाटीत मत्स्यालयाचं समुद्री मीठ, जेवणातलं नाही. साधे रिकामे शंखही ठेवलेत.

मोठा पाच आठवड्यांपूर्वी वाळूत शिरला तो अजून वर नाही. कात टाकत असावा, म्हणून उकरलेलं नाही. सडका वासही नाही. काचेला टेकलेलं त्याच्या शंखाचं टोक तेवढं दिसतं. लेक रोज शाळेतून आली की आधी तिथे वाकून बघते.

खरी काळजी वेगळी आहे. घरात हीटर सुरू झाल्यापासून आर्द्रता ८० टक्क्यांवरून ६५ वर आलीय. झाकणाला प्लास्टिक लावलं, शेवाळ ओलं ठेवलं, तरी रात्री उतरतेच. जास्त पाणी शिंपडलं तर तळाशी साचून मोठ्याची वाळूतली जागा खचेल, ही भीती.

थंडीत तुम्ही काय करता? हीट पॅड मागच्या काचेला, वाळूच्या वर लावू का? आणि धाकटा त्याच जागी उकरतोय, त्याला वेगळं ठेवावं का?