टाचेला चामखीळ आली आहे, बिब्बा लावू का?

कृष्णाकाठ:
मुलगा नऊ वर्षांचा, पोहायला जातो. टाचेला खडबडीत गाठ आली, आम्ही कुरूपच समजलो. आता शेजारी आणखी दोन बारीक उठल्यात. पळताना लंगडतो. सासूबाई म्हणतात बिब्बा लाव, शेजारच्या काकू चुना-सोडा सांगतात. काय करू?

निशिगंध:
माझ्या भाचीच्या बोटांवर होत्या. काही न करता गेल्या. थांबा थोडं.

शुभदा_सिस्टर:
ताई, बिब्बाही नको आणि चुनाही नको. मी स्किन ओपीडीत सिस्टर आहे. बिब्ब्याने भाजलेली पोरं आमच्याकडे येतात. भोवतीचं कातडं सोललेलं, टरटरून फोड आलेले आणि चामखीळ मधोमध जशीच्या तशी.

आधी उजेडात पाय धरून नीट बघा. तळव्याच्या रेषा गाठीवरून सलग गेल्या असतील तर कुरूप. गाठीपाशी तुटल्या असतील आणि आत काळे ठिपके असतील तर चामखीळ. त्या ठिपक्यांना लोक मूळ समजतात आणि सुईने उकरतात. ते मूळ नसतं, बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त असतं. चामखीळ एचपीव्ही विषाणूमुळे येते, वरच्या कातडीतच वाढते. उकरलं, ब्लेडने तासलं की विषाणू शेजारच्या कातडीत जातो.

निशिगंध म्हणतात ते खरं आहे, मुलांच्या चामखिळी बऱ्याचदा दोनेक वर्षांत आपोआप जातात. पण पोरगं लंगडतंय, तर औषध करा. एकदा डॉक्टरांना दाखवून १७ टक्के सॅलिसिलिक ॲसिडचं औषध घ्या. रात्री पाय पाच मिनिटं कोमट पाण्यात बुडवायचा, वरचं पांढरं मेलेलं कातडं कानशीने हलकं घासायचं, भोवती व्हॅसलीन लावायचं आणि थेंब फक्त गाठीवर टाकायचा. ती कानस घरात दुसऱ्या कुणी वापरायची नाही. फार चुरचुरलं, लाल झालं तर दोन-तीन दिवस थांबा. हे रोज, १२ आठवड्यांपर्यंत. लोक पंधरा दिवसांत कंटाळून सोडतात, तिथेच सगळं बिघडतं. एवढं करूनही राहिली तर द्रव नायट्रोजनने गोठवतात. ते उणे १९६ अंशांचं असतं, चांगलंच झोंबतं आणि दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा जावं लागतं.

पोहणं बंद करू नका हो. गाठीवर वॉटरप्रूफ पट्टी आणि तलावाच्या ओल्या फरशीवर चप्पल, एवढं पुरे.

कृष्णाकाठ:
काळे ठिपके दिसले! सासूबाईंच्या अंगठ्याखालीही असंच काहीतरी आहे. त्यांना शुगर आहे. तेच औषध चालेल?

शुभदा_सिस्टर:
अजिबात नाही. शुगरमुळे पाय बधिर झाला असेल तर ॲसिडने भाजलेलं कळणारसुद्धा नाही आणि जखम चिघळेल. त्यांना याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. गाठीतून रक्त येत असेल किंवा ती झपाट्याने वाढत असेल तर उद्याच.