महायुद्धातल्या स्वयंसेविका नर्सेस: सेवा, श्रम की साम्राज्याची चाकरी?

वेदिका_स्त्रीअभ्यास (धागाकर्ती)

मी पदवीच्या वर्गाला स्त्री अभ्यास शिकवते. पहिल्या महायुद्धात आपणहून नर्सिंगला गेलेल्या ब्रिटिश बायकांवर गेली काही वर्षं माझं संशोधन चालू आहे. गेल्या आठवड्यात वर्गात व्हीएडी शिकवत होते. व्हीएडी म्हणजे व्हॉलंटरी एड डिटॅचमेंट, 1909 मध्ये उभी राहिलेली स्वयंसेवकांची पथकं. 1914 मध्ये युद्ध पेटलं तेव्हा 74 हजारांच्या आसपास सदस्य होते, त्यात दोन तृतीयांश बायका. मी रंगात येऊन सांगत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिची आई दवाखान्यात आया आहे. ती म्हणाली, "मॅडम, यांना पगार होता का?"

सुरुवातीला नव्हता. पुढे लष्करी रुग्णालयात काम करणाऱ्यांना वर्षाला 20 पौंड मिळायला लागले. ती म्हणाली, "म्हणजे ज्यांच्या घरी चूल पेटायची चिंता नव्हती त्याच गेल्या."

तिचं बरोबर आहे, आणि तरीही माझं म्हणणं असं की या बायकांची जागा स्त्री चळवळीच्या इतिहासात आहे. फक्त ती पांढरी टोपी घातलेली, जखमी जवानाच्या कपाळावर हात ठेवणारी देवदूत भिंतीवरून उतरवायला हवी. दिवसभर काय करायच्या त्या? फरशा पुसायच्या, बेडपॅन धुवायचे, रक्ताने कडक झालेल्या चादरी बदलायच्या, ड्रेसिंगची भांडी उकळायची. अँटिबायोटिक नव्हती. जखमेत रबराच्या बारीक नळ्या बसवून दर दोन तासांनी त्यातून डाकिनचं जंतुनाशक द्रावण सोडायचं, रात्रीसुद्धा. बोटाला साधी टाचणी टोचली तरी हात सुजून बाईच अंथरुणाला खिळायची. याला आपण 'सेवा' म्हणून मोकळे होतो आणि मग तासांचा, थकव्याचा, कौशल्याचा हिशेब कुणी मागत नाही.

एल्सी इंग्लिस हे नाव आपल्याकडे माहीत असायला हवं. 1864 मध्ये नैनितालला जन्मलेली, पुढे एडिंबरात डॉक्टर, स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतली कार्यकर्ती. 1914 मध्ये बायकांनीच चालवलेलं रुग्णालय युद्धासाठी देऊ केलं, तर युद्ध खात्याने "बाई, घरी जा आणि गप्प बसा" अशा अर्थाचं उत्तर दिल्याचं सांगतात. मग तिने फ्रान्स आणि सर्बियाला विचारलं. ते हो म्हणाले. मताधिकार संघटनेने पैसे उभे केले आणि स्कॉटिश विमेन्स हॉस्पिटल्स उभी राहिली. फ्रान्समध्ये रोयोमाँच्या तेराव्या शतकातल्या मठात सर्जनपासून ऑर्डर्लीपर्यंत सगळ्या बायका. सुरुवातीला वीज नाही, पाणी बादल्यांनी आणायचं, जखमींचे स्ट्रेचर जिन्याने वर न्यायचे. 1919 पर्यंत दहा हजारांहून जास्त रुग्ण त्यांनी पाहिले.

याला स्त्रीवाद म्हणायचं की नाही? मी म्हणते हो. तुमचं मत सांगा, विरोधी असेल तर आवर्जून.

सडेतोड

विरोधी आहे. नर्स जखमी शिपायाला बरं करते आणि तो बरा झाला की परत खंदकात जातो. यंत्राला तेल घालणारा हात कितीही मायेचा असला तरी यंत्र चालूच राहतं. युद्ध हवंय म्हणणाऱ्या राजवटीला बायकांचं फुकट मनुष्यबळ मिळालं आणि तुम्ही त्याला मुक्ती म्हणताय.

त्याच काळात दुसऱ्या बायका काय करत होत्या बघा. एप्रिल 1915 मध्ये हेग इथे स्त्रियांची शांतता परिषद भरली, अमेरिकन समाजसेविका जेन अ‍ॅडम्स अध्यक्ष. लढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या बायका एका सभागृहात बसल्या. ब्रिटनहून 180 जणी जाणार होत्या, पण नॉर्थ सीची वाहतूक बंद केली गेली आणि पोचल्या फक्त तिघी. पुस्तकात धडा कुणावर हवा? जिला बोट मिळाली तिच्यावर की जिची बोट अडवली तिच्यावर?

निवृत्त_सिस्टर

मी लष्करी नर्सिंगमध्ये उभी हयात काढली. सडेतोड, तुमचं म्हणणं टेबलावर बसून बरोबर आहे. पोटात गोळी लागलेला एकोणीस वर्षांचा मुलगा तुमच्या हाताला धरून "सिस्टर, पाणी" म्हणतो आणि पाणी द्यायचं नसतं, तेव्हा त्याला सांगा यंत्र आणि तेल.

पण वेदिकाताई, माझी तक्रार तुमच्याकडेही आहे. 'स्वयंसेविका, स्वयंसेविका' म्हणताना तीन-तीन वर्षं प्रशिक्षण घेतलेल्या नर्सेस कुठे गेल्या? त्या वेळी ब्रिटनमध्ये नर्सिंगची सरकारी नोंदणीच नव्हती. कुणीही टोपी घालून नर्स म्हणवून घेऊ शकत होतं. एथेल बेडफोर्ड फेनविक पंचवीस-तीस वर्षं नोंदणीसाठी भांडत होत्या. त्यात या काही आठवड्यांचा कोर्स केलेल्या चांगल्या घरच्या मुली आल्या आणि वर्तमानपत्रांत फोटो त्यांचे. शेवटी डिसेंबर 1919 मध्ये कायदा झाला आणि रजिस्टरवर पहिला नंबर फेनविकबाईंचा लागला. मला विचाराल तर स्त्रियांच्या हक्काची लढाई ती.

आपल्याकडचंही सांगते. 1888 मध्ये लष्करी रुग्णालयांसाठी प्रशिक्षित नर्सेसची पहिली तुकडी मुंबई बंदरात उतरली, दहा जणी. कायमस्वरूपी इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस व्हायला 1 ऑक्टोबर 1926 उजाडला. कमिशन्ड अधिकाऱ्याचा दर्जा 1943 मध्ये, तेही दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना. गरज पडली की दर्जा मिळतो, हे आम्ही पिढ्यान् पिढ्या बघतोय.

वेदिका_स्त्रीअभ्यास

सिस्टर, तुमची तक्रार मान्य. एक भर घालते, ती तुमच्याच बाजूची आहे. लुईसा जॉर्डन. प्रशिक्षित नर्स, स्कॉटिश विमेन्स हॉस्पिटल्समध्ये दाखल होऊन सर्बियात क्रागुयेवाट्सला गेली, टायफसच्या साथीत रुग्णांची देखभाल करताना तीच आजारी पडली आणि मार्च 1915 मध्ये वारली. 2020 मध्ये कोविडसाठी ग्लासगोत तात्पुरतं रुग्णालय उभं केलं त्याला तिचं नाव दिलं. म्हणजे 'स्वयंसेविका' आणि 'प्रशिक्षित' या दोन वेगळ्या जाती नव्हत्या. मी शिकवताना दोघींना वेगळ्या रांगेत उभं करत आले, ते चुकलं.

सडेतोड, हेगचं तुम्ही आणलंत ते फार मोलाचं आहे. मताधिकार संघटनेतही याच प्रश्नावर फूट पडली होती. अध्यक्ष मिलिसंट फॉसेट युद्धकार्याच्या बाजूने राहिल्या आणि कार्यकारिणीतल्या कितीतरी जणी राजीनामा देऊन बाहेर पडल्या. पण इंग्रज लेखिका व्हेरा ब्रिटनचं काय करायचं? ऑक्सफर्ड सोडून व्हीएडी झाली. होणारा नवरा डिसेंबर 1915 मध्ये गेला, भाऊ जून 1918 मध्ये. मधल्या काळात फ्रान्समधल्या एताप्लच्या छावणीत ती जखमी जर्मन कैद्यांच्या वॉर्डात होती. ज्यांच्या सैन्याने तिची माणसं मारली त्यांच्या जखमा धुतल्या, आणि पुढे आयुष्यभर युद्धाच्या विरोधात लिहीत-बोलत राहिली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन शहरांवरच्या सरसकट बॉम्बफेकीला तिने उघड विरोध केला, तेव्हा लोकांनी कमी शिव्या घातल्या नाहीत. हेगला जाण्याचा एक रस्ता त्या वॉर्डातून जात होता असं मला वाटतं.

माणदेशी

सगळे प्रतिसाद वाचले. कुणी एक गोष्ट बोलत नाही म्हणून लिहितो.

खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनियरांच्या, 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या ऑक्टोबर 1914 मध्ये फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला लढल्या. हिंदी जखमींना इंग्लंडला नेलं, ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमध्ये ठेवलं. राजवाडा, झुंबरं, फोटो, सगळं छान. पण तिथे गोऱ्या सिस्टर फक्त देखरेखीला. हिंदी शिपायाला हात लावायचं काम पुरुष ऑर्डर्लींनी करायचं. त्याच गावातल्या किचनर रुग्णालयात तर प्रमुख अधिकाऱ्याने बायका नर्स ठेवल्याच नाहीत. 1915 मध्ये एका वर्तमानपत्रात जखमी हिंदी जवानाच्या पलंगाशेजारी उभ्या गोऱ्या नर्सचा फोटो आला आणि वर खळबळ उडाली. भीती एवढीच की काळ्या माणसाला गोऱ्या बाईच्या हाताची सवय लागली तर हिंदुस्थानात राज्य कसं करायचं.

आता मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. सहावी पूना डिव्हिजन, त्यात मराठ्यांच्या पलटणी. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफॉनच्या लढाईनंतर जखमींना टायग्रिस नदीतून बोटींवर रचून बसऱ्याला आणलं. पट्ट्या नाहीत, बिछाने नाहीत, माणसं आपल्याच विष्ठेत पडलेली. मेजर कार्टर या डॉक्टरने ते पाहून अहवाल दिला तर त्यालाच दम भरला गेला. बाकीचे कुट गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकले आणि 29 एप्रिल 1916 ला शरण गेले. माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ त्यात होते. ते परत आले नाहीत. घरी एक कागद आला, तो आजीने तुळशीपाशी फोडला म्हणतात.

ताई, तुमच्या मठात बादल्यांनी पाणी नेलं ते खरं असेल. माझा प्रश्न असा की मायेचा हात कुणाच्या अंगापर्यंत पोचायचा हे कोण ठरवत होतं? आणि तुमच्या स्त्रीवादाने त्या वेळी त्याला हरकत घेतली का?

वेदिका_स्त्रीअभ्यास

दोन दिवस उत्तर लिहिता आलं नाही.

नाही घेतली. निदान ज्या बायकांवर मी काम करते त्यांनी एकमुखाने घेतली असं मला दाखवता येत नाही. इंग्लिसचे वडील हिंदुस्थानात ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते, ती नैनितालला जन्मली ती त्यामुळेच. हे मी वर 'आपल्याकडचा धागा' म्हणून कौतुकाने लिहिलं. तो धागा कशाचा आहे हे तुमचं वाचल्यावर कळलं.

जुनी_वही

'सेवा' या शब्दाला एवढं झोडपू नका, ही म्हाताऱ्याची विनंती. 1909 मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदन काढलं. तिथून बायका ससूनमध्ये नर्सिंग शिकायला गेल्या. त्या काळात आपल्या घरच्या विधवेने परक्या पुरुषाचं अंग पुसायचं म्हणजे काय गहजब झाला असेल, कल्पना करा. माझ्या आजीची बहीण अशीच शिकली. 'नोकरी करते' म्हटलं असतं तर भावांनी दार लावलं असतं. 'सेवा करते' म्हटलं म्हणून उंबरठा ओलांडता आला. तिची किल्ली होती ती. पुढे रमाबाईच मुंबई प्रांतात बायकांच्या मताधिकारासाठी उभ्या राहिल्या.

निवृत्त_सिस्टर

काका, किल्लीने दार उघडतं हे खरं. पण तोच शब्द सांगून आमच्या जादा ड्यूट्यांचे पैसे अडवले गेले आहेत. एका रुग्णालयात मी सलग तीन रात्रपाळ्या केल्या. सुट्टी मागितली तर उत्तर आलं, "सिस्टर, हे पुण्याचं काम आहे." पाय सुजून चप्पल चढत नव्हती.

सडेतोड

मताधिकाराचं निघालंच आहे तर, 'बायकांनी युद्धात काम केलं म्हणून मत मिळालं' हे वाक्य कृपया कुणी लिहू नका. 1918 च्या कायद्याने मत मिळालं ते तिशीच्या वरच्या, आणि त्यातही स्वतःची किंवा नवऱ्याची मालमत्ता वगैरे अटींत बसणाऱ्या बायकांना. वॉर्डात राबलेल्या विशीतल्या मुली बाहेरच राहिल्या. सरसकट 21 व्या वर्षी मत 1928 मध्ये. युद्धात मुलींना दारं उघडलेल्या लंडनच्या कितीतरी मेडिकल कॉलेजांनी पुढच्या दशकात ती परत लावली. वापरून घेतलं आणि घरी पाठवलं.

व्हेरा ब्रिटनच्या वॉर्डाबद्दल ताईंनी लिहिलं ते मात्र मनात राहिलं. मी तिला विरोधी बाजूला बसवलं होतं.

वेदिका_स्त्रीअभ्यास

1918 बद्दल पूर्ण सहमत, आणि म्हणूनच मला त्या बायका शिकवायच्या आहेत. बक्षीस मिळालं म्हणून काम मोठं, असं मी मानत नाही. इंग्लिस 1915 मध्ये सर्बियात शत्रूच्या हाती सापडली ती रुग्णांना सोडून निघायला नकार दिला म्हणून. सुटून आली, मग रशियाला गेली, कॅन्सर झालेला असताना काम करत राहिली. नोव्हेंबर 1917 मध्ये न्यूकॅसलच्या धक्क्यावर उतरली आणि दुसऱ्या दिवशी वारली. तिने मतपत्रिका हातात घेतलीच नाही. तिच्या कामाला मी लहान म्हणणार नाही. माणदेशींच्या पणजोबांच्या भावापर्यंत ते काम पोचलं नाही, हेही त्याच तासाला सांगेन. दोन तासांत मावत नसेल तर चार घेईन.

जुनी_वही काका, आजीच्या बहिणीबद्दल अजून काही कागद, फोटो असेल तर मला बघायला आवडेल. माणदेशी, तो कागद घरात असेल तर त्याचाही फोटो.

सिस्टर, एक विचारते. पुढच्या महिन्यात वर्गात याल का बोलायला? त्या मागच्या बाकावरच्या मुलीने तुमचा प्रतिसाद छापून वहीत चिकटवलाय.

निवृत्त_सिस्टर

येईन. बुधवार चालेल, गुडघ्यांमुळे तळमजल्यावरची खोली बघा. आणि मानधन किती ते कॉलेजकडून आधी लेखी घ्या. फुकट आले तर त्या मुलीच्या प्रश्नाला काय उत्तर देऊ?

माणदेशी

कागद आहे. फोटो काढून पाठवतो. अक्षर पुसट झालंय, दिवसा उजेडात काढावा लागेल.