भाच्याच्या डोळ्याला शटल लागून पडद्याला दोन भोकं, एकाला लगेच लेझर आणि दुसऱ्याला नुसतं थांबा, असं का?

मदत हवी आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

भाचा 16 वर्षांचा. 7 आठवड्यांपूर्वी बॅडमिंटन खेळताना समोरच्याचा स्मॅश थेट उजव्या डोळ्यावर बसला. डोळ्यात पुढच्या बाजूला रक्त साचलं होतं म्हणून आधी नीट तपासताच आलं नाही, ते ओसरल्यावर बाहुली मोठी करून बघितलं तर पडद्याला एक भोक अगदी कडेला आणि दुसरं बरोब्बर मध्यभागी, त्याला मॅक्युलर होल म्हणतात म्हणे. कडेच्याला त्याच दिवशी लेझर मारलं. मधल्याला मात्र डॉक्टर म्हणतात काही करायचं नाही, महिन्याने परत ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन). आता तुम्हीच सांगा, जिथून वाचायचं दिसायचं तिथलं भोक तसंच सोडायचं आणि कडेच्याची एवढी घाई?

परवा डावा डोळा झाकून माझ्याकडे बघायला लावलं तर म्हणाला, मावशी तुझे कान दिसतायत, केस दिसतायत, नाक नाहीये. तो हसत होता पण मला रात्रभर झोप नाही. ताई तर रोज नवीन कुणाचं तरी ऐकून येते, काल कुणीतरी मध घालायला सांगितलाय (घातला नाही, मी बाटलीच उचलून ठेवली).

पहिल्या ओसीटीत भोक 340 मायक्रॉन होतं, आत्ताच्यात 260. हे चांगलं समजायचं का? कुणाचं असं आपोआप भरलंय का?

चष्मेबहाद्दर : मी डॉक्टर नाही, पण 4 वर्षांपूर्वी मलाही बॉल लागून हेच झालं होतं म्हणून लिहितोय. लेझरने भोक बुजत नाही हो, मलाही आधी तसंच वाटायचं. भोकाच्या भोवतीने बारीक बारीक डाग देतात, तिथे व्रण धरतो आणि पडदा मागच्या थराला चिकटून बसतो. शर्टाच्या काजाला कडेने टाके घालतात ना, भोक राहतं पण उसवत नाही, तसं. नाहीतर त्यातून आतलं पाणी पडद्याखाली शिरतं आणि पडदा सुटायला लागतो, घाई त्याची असते. व्रण पक्का व्हायला 10-14 दिवस लागतात.

आता तेच मध्यभागी केलं तर जिथे डाग दिला तिथली नजर कायमची जाणार, म्हणून तिथे लेझर नाही. आणि माराने पडलेलं मधलं भोक, त्यातून लहान असेल आणि पोरगा तरुण असेल, तर बऱ्याचदा आपलं आपण मिटतं. सगळ्यांचं नाही, पण 340 चं 260 होणं म्हणजे कडा जवळ येतायत, मी तर खूश झालो असतो. माझं स्वतःचं मिटलं नाही, उगाच खोटं कशाला सांगू. ऑपरेशन झालं, विट्रेक्टॉमी, डोळ्यातली जेली काढून गॅस भरतात आणि मग मान खाली घालून पडून राहायचं. मान अशी भरून आली होती की डोळ्याचं विसरलो. गॅस पूर्ण जाईपर्यंत विमान बंद, कारण वर गेल्यावर तो फुगतो आणि डोळ्यातलं प्रेशर वाढतं.

धागाकर्ती : दादा, काजाचं उदाहरण ताईला वाचून दाखवलं, पहिल्यांदा तिच्या डोक्यात शिरलं. किती दिवस वाट बघायची असते पण? आणि एखादा ड्रॉप वगैरे?

चष्मेबहाद्दर : साधारण 3 महिने थांबतात, कुणी कमी कुणी जास्त, ते ओसीटी बघूनच ठरतं. भोक मोठं व्हायला लागलं तर मात्र उगाच थांबत नाहीत. भोक भरणारा ड्रॉप नसतो, दिलेले असतील ते सूज आणि प्रेशरसाठी. स्वतःच्या मनाने बंदही करू नका.

निशाचर : एक राहिलं. झाकून बघताना नाकापेक्षा चौकटींचा कागद वापरा, अ‍ॅम्स्लर ग्रिड. रोज एकच अंतर, एकच उजेड. आणि अचानक विजा चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकदम वाढले किंवा कडेने सावली पडद्यासारखी सरकायला लागली तर अपॉइंटमेंट बघत बसू नका, त्याच दिवशी पळा, लेझर झालेलं असलं तरी. प्रेशर दरवर्षी तपासा, कारण अशा माराने काचबिंदू वर्षानुवर्षांनी पण उगवू शकतो. हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. खेळ परत सुरू कराल तेव्हा पॉलिकार्बोनेटचा गॉगल लावूनच.

धागाकर्ती : ग्रिड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. मधल्या चौकटी चिमटीत धरल्यासारख्या आत ओढलेल्या दिसतात म्हणतो. नाकाचं पण विचारलंच मी, राहवलं नाही. म्हणे शेंडा दिसतोय मावशी, पण वाकडा.

पुढची ओसीटी 19 दिवसांनी आहे. झाली की इथेच लिहिते.