सासूबाई मॅमोग्राफीला (स्तनाच्या एक्स-रे तपासणीला) तयारच होत नाहीयेत, अडतंय कुठं?

दहिवडीची_सून
सासूबाई ५६ च्या. त्यांच्या सख्ख्या बहिणीला मागच्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर निघाला, तोही गाठ चांगली लिंबाएवढी झाल्यावर, त्यामुळे डॉक्टर म्हणाले बहिणींनी पण तपासून घ्या. तेव्हापासून मी मागं लागलीये पण दरवेळी नवीन कारण, आधी "मला दुखत नाही खुपत नाही", मग ज्वारीची काढणी, मग श्रावण, मग सासऱ्यांचं डायलिसिस. परवा जरा चिडूनच बोलले तर "कशाला उकरून काढायचं" म्हणून भांडी घासायला उठून गेल्या. दहावी शिकल्यात, रोज पेपर वाचतात, माहिती नाही असं अजिबात नाही. मग लाज म्हणायची का भीती का पैसा?

आशाताई_११वर्षं
ताई आधी सांगा विचारलंत कुठं? आम्हाला फॉर्म भरताना ३० च्या पुढच्या प्रत्येकीला विचारावं लागतं, छातीत गाठ लागते का, बोंडातून रक्त येतं का. ओसरीवर सासरा, दीर बसलेले असताना विचारलं की सगळ्याजणी "नाही". तीच बाई चुलीपाशी चहा ठेवता ठेवता पदर सावरत म्हणते, इथं जरा कडक लागतंय बघा. आणि दुखत नाही म्हणजे काही नाही असं नसतं हो, सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही, तिथंच बायका फसतात. उपकेंद्रात हातानं तपासणी फुकट असते, ३० ते ६५ वयाला दर ५ वर्षांनी. पण पहिला प्रश्न हाच येतो, तपासायला बाई आहे ना? आणि आमच्याकडं दोन वर्षं खोलीला पडदा नव्हता, मग कोण ब्लाऊज काढेल?

कोथरूडची_काकू
मी ४९ व्या वर्षी केली. दोन प्लेटमध्ये दाबतात, दुखतं, पण काही सेकंदच. त्या दिवशी पावडर, डिओ लावू नका, फोटोत ठिपके दिसू शकतात. मला दाबण्याचं काही वाटलं नाही, पण नंतर सोनोग्राफीला परत बोलावलं आणि मी आठ दिवस रडून काढले. निघाली साधी पाण्याची गाठ!! परत बोलावलं म्हणजे कॅन्सरच असं नाही हे आधी एकानंही सांगितलं नव्हतं. माझं ते रडणं बघून जाऊबाईंनी कायमचा नकार दिलाय, त्याचं पाप माझ्या माथी.

आकडेवाला
एनएफएचएस ५ (सरकारचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१) मध्ये ३० ते ४९ वयाच्या बायकांत कधीतरी स्तनाची तपासणी झालेल्या देशभरात ०.९ टक्के, म्हणजे शंभरात एक पण नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलनं १९९८ पासून दीड लाख बायकांवर अभ्यास केला, निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हातानं तपासणी केली. २०२१ ला निकाल छापून आला, पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही हेही सांगतो. म्हणजे मशीनची भीती असेल तर हाताच्या तपासणीनं सुरुवात करायला हरकत नाही, फक्त सख्ख्या बहिणीला झालंय तर तिथंच थांबू नका, पुढचं डॉक्टरांना विचारा.

लेस्टरवाली
सगळं पैशावर ढकलू नका. इथं इंग्लंडमध्ये ५० ते ७१ पर्यंत दर तीन वर्षांनी घरी पत्र येतं, एक पैसा लागत नाही, तरी माझ्या ओळखीच्या दोघी आपल्याच बायका ते पत्र ड्रॉवरमध्ये टाकून मोकळ्या.

दहिवडीची_सून
आशाताई तुमचं ऐकलं. काल दोघीच भाकऱ्या करत होतो तेव्हा विषय काढला, चिडले नाही. बराच वेळ गप्प, मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "मला निघालं तर ह्यांना मंगळवारी-शुक्रवारी साताऱ्याला कोण नेणार? तुझी नोकरी, त्याची नोकरी." मी लाज लाज करत बसले होते इतके दिवस. म्हटलं फुले योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, तर म्हणाल्या पैशाचं कोण बोलतंय. मग मिस्टरांना बसवलं, निघालंच काही तर कुणी कोणत्या वारी न्यायचं ते कॅलेंडरवर लिहून काढलं. गुरुवारी डायलिसिस नसतं म्हणून गुरुवारची वेळ घेतलीये, मावशी पण येतायत सोबत. अजून "बघू" म्हणतायत, पण सकाळी हळूच विचारलं, पावडर नाही ना लावायची?